मुंगी, वय वर्षं सात

सकाळी दहाच्या ठोक्याला मध्यवर्ती बस स्थानकाचा भोंगा आधी खाकरायचा. मग जरा सर्दी झालेला, पण समजूतदार असा एक पुरुषी आवाज सांगायचा, "मुंगी. वय वर्षं सात. लाल स्वेटर, दोन वेण्या. कुणाला दिसल्यास कृपया खिडकी क्रमांक चारपाशी आणून सोडावे."

कुणीही मान वर करायचं नाही. बावीस वर्षं रोज हरवणाऱ्या मुलीसाठी कोण मान वर करणार? ड्रायव्हरांनी तर तिचं घड्याळ करून टाकलं होतं. "मुंगी झाली का?" म्हणजे दहा वाजले का. सव्वानऊची गाडी मुंगीच्या आधीची आणि साडेदहाची मुंगीनंतरची. नवा कंडक्टर आला की पहिले दोन दिवस गाडीत, फलाटावर, बाकांखाली लाल स्वेटर शोधायचा. तिसऱ्या दिवशी त्यालाही नोकरी समजायची.

गेले दोन महिने मात्र एक बाई पावणेदहालाच सात नंबरच्या फलाटावर येऊन खांबाला पाठ लावून उभी राहायची. वय चौतीस, खांद्याला लॅपटॉपची पिशवी, केस आखूड कापलेले. भोंगा बोलायला लागला की ती डोळे मिटायची. थांबला की उघडायची आणि जिना चढून वर कामाला जायची.

तिचं घरचं नाव मुंगी. तो आवाज तिच्या बाबांचा. आणि बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती.

यात भुताटकी काही नव्हती. असती तर बरं झालं असतं. भूत निदान कुणाकडून उतरवून तरी घेता येतं. हा सॉफ्टवेअरचा मामला होता.

बाबा प्रोग्रॅमिंग शिकवायचे. त्यांच्या उमेदीत एक फ्रेमवर्क नवंनवं निघालं होतं. फ्रेमवर्क म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधीच उभा करून ठेवलेला सांगाडा. आपण त्यावर मांस चढवायचं, आणि चालायला लागला की "हे मी केलं" असं चारचौघांत सांगायचं. या सांगाड्याबरोबर आलेलं पुस्तक असं होतं, की ते लिहिणाऱ्यालाही दुसऱ्यांदा वाचवलं नसतं. म्हणून बाबांनी घरातल्या मागच्या खोलीत बसून त्याचे एकसष्ट धडे बोलून काढले आणि सीडीवर भरले. उदाहरण म्हणून त्यांनी एका स्थानकाची हरवलेल्यांची नोंदवही घेतली होती. पहिल्या धड्यात नोंद, बाराव्यात शोध, तिसाव्यात भोंग्यावरून घोषणा. घोषणेसाठी त्यांनी सगळे रंग, सगळे कपडे, एक ते शंभर आकडे आणि शेवटचं 'सापडला', 'सापडली' हे सगळं स्वतःच्या आवाजात म्हणून ठेवलं. हरवलेल्याचं नाव तेवढं खिडकीतल्या माणसाने मायक्रोफोनवर सांगायचं, बाकीचं यंत्र जोडून घेणार. नमुना म्हणून त्यांनी एकच नोंद केली होती, आणि तिचं मात्र नावही त्यांनीच उच्चारलं होतं.

ही सीडी फार लांबपर्यंत गेली. धडे ऐकून शिकणाऱ्या लोकांची एक खोड असते. धड्यात जे असेल ते काना-मात्रेसकट उतरवून घ्यायचं, चाललं की त्याला हात लावायचा नाही, आणि नमुन्याची नोंद पुसायची राहून जायची. बावीस वर्षांपूर्वी ज्या कुणी या स्थानकाचं काम केलं, त्याचं तर नशीबच फळफळलं होतं. धड्यातलं उदाहरणच त्याला गिऱ्हाईक म्हणून मिळालं. त्याने सगळं जसंच्या तसं उतरवलं, बाबांच्या आवाजासकट, मुंगीसकट, आणि काम सोपवून दुसरीकडे नोकरी धरली.

आता तो सांगाडा म्हातारा झाला होता. त्याची दुरुस्ती जाणणारी चार माणसं उरली होती आणि त्यांतल्या दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. स्थानकाने तिच्या कंपनीला काम दिलं: जुन्याचीच डागडुजी करायची की नवं फ्रेमवर्क निवडायचं, ते सांगा. मुदत दोन महिन्यांची होती आणि ती या शुक्रवारी संपत होती.

पहिल्या दिवशी ती कागदपत्रं घेऊन फलाटावरून चालली होती, आणि वरून बाबांनी तिला हाक मारली. तिने हातातले कागद सोडले. ते गोळा करायला दोन हमाल धावले, पण लाल स्वेटरची मुलगी शोधायला कुणी धावलं नाही.

ही गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. आवाजाच्या फायली तिने त्याच दिवशी फोनवर उतरवून घेतल्या, घरच्या कॉम्प्युटरवर घेतल्या आणि आणखी एका ठिकाणी घेतल्या. पण घरी त्या लावल्या की तो नुसता आवाज व्हायचा, जुन्या लग्नाच्या कॅसेटसारखा. स्थानकात तो तिला शोधत असायचा. शेकडो माणसं, पन्नास गाड्या, धूर, आणि त्या सगळ्यावरून बाबा तिला शोधतायत. रोज. नवं फ्रेमवर्क घेतलं की ते शोधायचे थांबणार होते, आणि थांबवणारी शिफारस तिची असणार होती.

*

वरच्या मजल्यावर, सापडलेल्या छत्र्यांच्या खोलीला लागून, त्यांना एक खोली दिली होती. खोलीत तीन टेबलं, एक फळा आणि तीन माणसं. ती स्वतः, टेस्टर आणि अध्यक्ष. टेस्टर तिच्याच वयाची होती. दुसऱ्याच्या कामात खोट काढण्याचा तिला पगार मिळत होता आणि पगार मिळाला नसता तरी तिने तेच केलं असतं. अध्यक्ष हे त्यांचे साहेब. कुठल्याही खोलीत शिरले की तिथे सभा भरायची, म्हणून हे नाव.

उमेदवार चार होते. जुन्याला सगळे "आजोबा" म्हणत. नव्यांपैकी एक "छोटू", कारण तो चिमुकला होता आणि जास्त ओझं टाकलं की बसकण मारायचा. दुसरा "हवाई". त्याच्या जाहिरातीत सगळं हवेत तरंगायचं. अध्यक्षांनी तो एका परिषदेत पाहिला होता आणि तिथून त्याची पिशवी घरी आणली होती. तिसरा "सासरा". त्याचे नियम इतके कडक होते, की उंबऱ्यावर पाऊल ठेवायच्या आधी चौकशी सुरू.

निवड तक्त्यावरून व्हायची. डाव्या बाजूला निकष, पुढे प्रत्येकाचं वजन, मग गुण. शिकायला किती सोपं, धडे किती चांगले, अडलं तर विचारायचं कुणाला, किती वर्षं टिकेल. वजन गुणिले गुण, बेरीज, निकाल. तक्ता हे फार प्रामाणिक साधन समजलं जातं. आधी जावई पसंत करायचा आणि मग पत्रिका जुळवायची, तसा तो वापरतात. वजनं थोडी हलवली की मनातला पहिला येतो. या धंद्यात सगळे तेच करतात. फक्त करताना कुणी एकमेकांच्या स्क्रीनकडे पाहत नाही, एवढी सभ्यता पाळतात.

टेस्टरला ती सभ्यता नव्हती.

"'आवाजाची स्पष्टता'? तीस?" मंगळवारी ती तक्त्यावर वाकून म्हणाली. "शंभरातले तीस आवाजाला? अगं, स्थानक चालवायचंय की गाण्याचा क्लास?"

"घोषणा कळल्या पाहिजेत लोकांना."

"आणि 'चालू कर्मचाऱ्यांची सवय', पंचवीस. वा! पंचावन्न तर आजोबांनी झोपेतच खिशात घातले. 'किती वर्षं टिकेल' ला तू दोन दिलेस, दोन! माझ्या चपलांना मी याहून जास्त देते."

"तू तुझं टेस्टिंग कर ना."

"तेच करतेय. तुझं चाललंय."

अध्यक्षांनी फळ्यावरून मान वळवली. "वाद नको. चर्चा करा. 'हवाई' कितवा आला?"

"शेवटचा, सर."

"मग वजनं पुन्हा बघा," अध्यक्ष म्हणाले आणि फळ्याकडे वळले.

तिने वजनांचा रकाना पुन्हा उघडला. मनातल्या मनात मात्र तिने बाबांना विचारलं, की हे चालेल ना? बाबा तक्त्याच्या बाबतीत कडक होते. चोविसाव्या धड्यात त्यांनी म्हटलं होतं, की बेरीज चुकली तर यंत्राची चूक, पण बेरीज हवी तशी आली तर माणसाची. धडे तिला पाठ होते, त्यांतल्या बाबांच्या खोकल्यासकट आणि मध्येच खोलीत शिरणाऱ्या तिच्या स्वतःसकट. चोविसावा ती अलीकडे लावत नव्हती.

*

बुधवारी ती नेहमीसारखी खांबापाशी उभी होती. दहाला दहा कमी असतानाच भोंगा खाकरला. खिडकी चारमधल्या काकांनी मायक्रोफोनमध्ये काहीतरी नाव गिळल्यासारखं उच्चारलं आणि लगेच बाबा म्हणाले, "वय वर्षं सात. लाल स्वेटर."

आज बाबा दहा मिनिटं लवकर आले, असं तिच्या मनात आलं. तिला हसूही आलं. तिने डोळे मिटून घेतले आणि शेवटचा शब्द विरेपर्यंत उघडले नाहीत. दहाला रोजची मुंगी झाली. म्हणजे आज दोनदा. दिवस चांगला जाणार असं समजून ती जिना चढली.

सव्वाअकराला खालून रडण्याचा आवाज आला. छत्र्यांच्या खोलीशेजारी रडणं नवीन नव्हतं, लोक छत्र्यांसाठीही रडतात. पण हे थांबेना, तेव्हा टेस्टर खाली जाऊन आली. तिचा चेहरा उतरला होता.

"मुलगी हरवलीय. खरीखुरी. दीड तास झाला. सात वर्षांची."

"लाल स्वेटर," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

ती जिन्यावरून धावत सुटली होती.

मुलगी सापडली एक वाजून पाच मिनिटांनी. गाड्या धुवायच्या अंगणात, रांगेतल्या शेवटच्या बसच्या शेवटच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन. हात-पाय धड होते. गाडी धुणाऱ्याने तिला साडेनऊपासून पाहिलं होतं. काचेतून एकदा हातही केला होता.

"मग आणून का नाही सोडलीत?" खिडकीकाका त्याच्यावर ओरडत होते. "दोन-दोनदा ओरडतोय भोंगा! सात वर्षं, लाल स्वेटर!"

"ते तर रोजच ओरडतो हो," गाडी धुणारा रडवेला झाला होता. "ते कानात जातंय कुठे? मला वाटलं, मुंगी झाली."

मुलगी आईच्या कमरेला मिठी मारून उभी होती. वरून धावत आलेली ती तिच्यासमोर उकिडवी बसली. काहीतरी विचारायचं म्हणून तिने विचारलं, "तुला भोंगा ऐकू आला नाही का गं?"

"आला."

"मग बाहेर का नाही आलीस? तुलाच शोधत होते."

मुलीने मान हलवली. "तो माणूस मला नव्हता शोधत."

"मग?"

"दुसरीला," मुलगी म्हणाली आणि तिच्या आखूड केसांकडे बघत राहिली.

आईने मुलीला उचललं. दोघी फाटकाबाहेर जाईपर्यंत ती उकिडवीच होती. गाडी धुणाऱ्यावर तिला रागावता येईना. त्याने निदान ऐकलं नव्हतं. तिने ऐकलं होतं, शब्दन्‌शब्द, डोळे मिटून, आणि तिला हसू आलं होतं.

ती वर आली. तक्ता उघडून तिने 'आवाजाची स्पष्टता' हा रकाना उडवला. 'सवय' पंचवीसवरून तीनवर आणली. 'किती वर्षं टिकेल' ला वीस, उरलेले बाकीच्या निकषांत वाटले. बेरीज आपोआप बदलली. आजोबा पहिल्यावरून चौथ्यावर घसरले. यंत्राला त्याचं काहीच वाटलं नाही.

"सकाळी पहिले आलेले दुपारी नापास?" टेस्टर मागे उभी होती. "पुनर्तपासणीला कुणी अर्ज केला होता?"

"तो आवाज माझ्या बाबांचा आहे," ती म्हणाली. "आणि मुंगी मी."

टेस्टरला कुठल्याही वाक्यात खोट काढता यायची. या वाक्यात तिने ती शोधली नाही. मग तिने खुर्ची ओढली आणि शेजारी बसली.

"दोन महिने?"

"हं."

"आणि मी गाण्याचा क्लास म्हणाले."

"म्हणालीस."

"तू मला हाणायला हवं होतंस गं," टेस्टर म्हणाली.

*

शुक्रवारच्या सभेत अध्यक्षांनी पिशवी टेबलावर ठेवली होती, हवाईचं नाव पुढे येईल अशी.

"सासरा घ्यावा, असं माझं मत आहे," ती म्हणाली.

"त्याचे धडे पाहिलेत मी. काय कंटाळवाणे! एक बाई सपाट आवाजात वाचत जाते. उदाहरणंसुद्धा कसली, तर 'वस्तू एक, वस्तू दोन'."

"म्हणूनच, सर. त्यात कुणी खोकत नाही, कुणाची मुलगी मध्येच खोलीत येत नाही. शिकणाऱ्याला कुणाची आठवण घरी घेऊन जायला लागत नाही. नमुन्याच्या नोंदी त्यात वेगळ्या डब्यात राहतात, आणि काम सोपवायच्या वेळी तो डबा रिकामा नसेल तर सासरा चालूच होत नाही."

"हवाई?"

"चालू होतो. काहीही असलं तरी चालू होतो. बुधवारी असंच काहीतरी चालू होतं."

अध्यक्षांनी टेस्टरकडे पाहिलं. टेस्टर हवाईवर नेहमी तास-दीड तास बोलू शकायची. आज ती एवढंच म्हणाली, "ती बरोबर सांगतेय, सर." हे वाक्य अध्यक्षांनी तिच्या तोंडून पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी घाबरून सही केली.

राहिली एकच अडचण. जुनी माहिती नव्यात नेताना उघड्या नोंदी मिटवाव्या लागणार होत्या, आणि नोंदी मिटवायचा अधिकार खिडकी चारचा होता. ती दुपारी खाली गेली.

खिडकीकाकांना निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्यांचा चष्मा दोरीला आणि जीव नियमांना बांधलेला होता.

"ती नोंद मिटत नाही, मॅडम. बावीस वर्षांत पाच अधिकाऱ्यांनी सांगून पाहिलं. हरवलेल्या बालकाची नोंद पालकाच्या सहीशिवाय मिटवायची नाही. बालक समक्ष हजर पाहिजे."

"पण काका, ती नमुन्याची नोंद आहे. यंत्राबरोबर आलेली."

"असेल. यंत्राबरोबर आली म्हणून मुलगी नव्हतीच, असं लिहून देणार आहे कुणी? पाचांनाही मी तेच विचारलं. एकानेही सही केली नाही."

तिने खिडकीच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवले.

"मुंगी मी आहे," ती म्हणाली. "ते माझे वडील."

काकांनी चष्मा लावून स्क्रीनकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा स्क्रीनकडे. हसले नाहीत. खिडकीत बावीस वर्षं बसलं की माणूस कुणाच्याच सांगण्याला हसत नाही.

"बालक हजर," ते म्हणाले. "पालक?"

"वडील गेले."

"आई आहे?"

"आहे."

"मग आणा."

संध्याकाळी तिने आईला फोन केला. या आवाजाबद्दल आईला काही ठाऊक नव्हतं. कसं सांगायचं, याची तिने तीन वाक्यं जुळवून ठेवली होती. ऐनवेळी तिन्ही विसरली.

"आई, सोमवारी एक सही करायला येशील?"

"कसली गं?"

"मी सापडल्याची."

आई कोड्यात बोललेलं खपवून घेणारी नव्हती. उलटतपासणी होणार, या तयारीत ती थांबली. फोनवर मागच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येत राहिला.

"किती वाजता?" आईने विचारलं.

*

सोमवारी पावणेदहाला दोघी सात नंबरच्या फलाटावर बसल्या. आई चांगली साडी नेसून आली होती, कुणाकडे मुलगी बघायला जातात तशी. ती आईला समजावून सांगायला लागली, सांगाडा, सीडी, नमुना. आई ऐकत होती की नाही, कळत नव्हतं. तेवढ्यात दहा वाजले.

"मुंगी. वय वर्षं सात. लाल स्वेटर, दोन वेण्या…"

आईची पिशवी मांडीवरून खाली गेली. चार वर्षांत तिने नवऱ्याचा आवाज ऐकला नव्हता. तिने वर भोंग्याकडे पाहिलं, मग आजूबाजूला, कुठल्या तरी गाडीआडून ते येतील असं.

"हे इथे काय करतायत?"

"शोधतायत, आई."

"अजून?" आई म्हणाली.

खिडकीत काकांनी नवं कोरं पान काढलं होतं. त्यांनी आईला नमस्कार केला, बसायला स्टूल दिलं आणि टाक सरसावल्यासारखं बॉलपेन झटकलं.

"हं, ताई. बालक कधी हरवलं? अंदाजे चालेल."

ती हसून सांगणार होती, की काका, ही नमुन्याची नोंद, खरं कुणी हरवलं नव्हतं. पण आईने तारीख सांगितली. वार सांगितला.

"ठिकाण?"

"कॉम्प्युटरचं प्रदर्शन होतं. मोठा मांडव. हे एका यंत्रासमोर उभे राहिले ते राहिलेच. हात सुटला, ते त्यांना कळलंच नाही."

"आई?" ती म्हणाली.

"किती वेळ?" काकांनी विचारलं.

"तीन तास. आधी हे एकटेच घरी आले, मी घरी घेऊन आलेय की काय ते बघायला. मग परत पळाले. संध्याकाळी घेऊन आले."

"मला कुणी सांगितलं नाही कधी!"

"तू होतीस की तिथे," आई म्हणाली. तिने तिच्याकडे पाहिलं नाही. "तू एकदाही विचारलं नाहीस. रडलीसुद्धा नाहीस. आलीस ती सरळ पाटावर बसून जेवायला लागलीस. स्वेटर अंगात नव्हता. दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडे जाऊन वेण्या कापून टाक म्हणालीस. हे दुसऱ्याच दिवसापासून मागच्या खोलीत जाऊन बसले, ते एकसष्ट धडे होईपर्यंत."

तिने आठवून पाहिलं. मांडव नाही, यंत्र नाही, न्हावी नाही. सात वर्षांच्या अलीकडचं सगळं तिला लख्ख आठवत होतं. पलीकडचं म्हणून जे होतं, ते बाबांनी सांगितलेलं होतं.

काका लिहीत होते. "आता वर्णन पडताळू. वय सात. हे जुळत नाही."

"वाढलं," ती म्हणाली.

"वेण्या दोन. जुळत नाही. लाल स्वेटर. जुळत नाही." प्रत्येकापुढे त्यांनी एकेक फुली मारली. तीन फुल्या झाल्या. "नियमाने तीन फुल्या झाल्या की पालकाने समक्ष ओळख पटवायची. ताई, नीट बघून सांगा. घाई नाही. ही तुमचीच का?"

हा विनोद आहे, असं तिला वाटलं. काकांना नाही वाटलं. आईलाही नाही. आईने स्टूल वळवलं, चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि लेकीकडे बघायला लागली. आधी कपाळ, मग कान, मग हनुवटी. आई तिच्याकडे रोज बघायची, पण अशी नाही. बाजारात भाजी बघतात तशीही नाही. एखादं पत्र आपल्याच अक्षरात आहे आणि आपण लिहिल्याचं आठवत नाही, तसं. मागे रांग वाढली. कुणाची तरी छत्री हरवली होती. तो माणूससुद्धा मान वाकवून बघत होता.

तिला म्हणावंसं वाटलं, आई, पुरे. म्हणता येईना. उत्तर काय येतं ते तिलाही ऐकायचं होतं.

"माझीच," आई शेवटी म्हणाली. "सत्तावीस वर्षं मीच वाढवलीय."

आधीची सात वर्षं कुठे गेली, असं विचारल्यासारखं काकांनी आईकडे एकदा पाहिलं, पण रकान्यात "ओळख पटली" असं लिहिलं. आईने सही केली. अक्षर थरथरलं नाही.

"आता मिटवतो. मिटवताना भोंग्यावरून 'सापडली' म्हणायचं असतं, पद्धत आहे. आवाज तुमच्या वडिलांचाच. लावू?"

तिने हो म्हणायला तोंड उघडलं. दोन महिने ती त्याच एका शब्दासाठी उभी असावी, असं तिला त्या क्षणी वाटलं. बाबा दुसऱ्यांच्या मुलांसाठी तो शब्द बावीस वर्षं म्हणत आले होते.

"नको," आई म्हणाली.

"का, आई?"

"राहू दे. आयुष्यभर कधी खोटं बोलले नाहीत ते. आता कशाला बोलायला लावायचं?"

काकांनी दोघींकडे पाहिलं, मान डोलावली आणि एक कळ दाबली. स्क्रीनवर एक ओळ होती, ती गेली. बाकीच्या ओळी एकेक घर वर सरकल्या.

"झालं," काका म्हणाले. "पुढचे या."

दोघी बाहेर आल्या. मुंगीनंतरची गाडी नुकतीच सुटून गेली होती आणि समोरचा रस्ता मोकळा पडला होता. आईने पिशवी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने तिचं मनगट धरलं. बोटांनी नव्हे, पूर्ण मुठीने. रस्ता ओलांडून झाला तरी सोडलं नाही. दुकानांपुढून चालतानाही सोडलं नाही. हात ओळखीचा होता, गरम होता, आणि जोर इतका होता की बोटं बधिर व्हायला लागली.

"आई, सोड ना. लोक बघतायत."

"गर्दी आहे," आई म्हणाली.

फुटपाथवर त्या दोघींशिवाय एक झाडूवाला होता, आणि तोही पाठमोरा. तिने हात सोडवून घेतला नाही.